खांब खालून मरतो

वाचकांचे प्रश्न : जुनं घर

प्रश्न : ताई, आमचं गाव सावनेर तालुक्यात. घर आजोबांच्या वडिलांनी बांधलं. कागद नाही, पण शंभरच्या वर वर्षं नक्की झाली. समोर ओटा, मग ओसरी, बैठक, माजघर, मागं सयपाकखोली, वर माळा. सगळं सागवानी खांबांवर. भिंती मातीच्या, दीड हात जाड. गेल्या पावसाळ्यात उत्तरेच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत चीर गेली. ओसरीतला एक खांब, जिथं आमचा रांजण असतो, तो बुडाशी भुसभुशीत लागतो. एका इंजिनीअरला आणून दाखवलं. तो म्हणाला, भिंत गेली म्हणजे घर गेलं, पाडून टाका. गावचा मिस्त्री म्हणतो, खांबाच्या बुडाला दोन फूट सिमेंट भरून देतो, मग हलायचं नाव नाही. लहान भाऊ नागपूरला असतो, त्याचं म्हणणं लाकूड विकून स्लॅबचं घर बांधू. आई ऐंशीची आहे, ती म्हणते मी असेतोवर कोणी हात लावू नका. मी मधात सापडलो. काय करावं? — एक शेतकरी वाचक

उत्तर : भाऊ, आधी मिस्त्रीला थांबवा. बाकीचं सावकाश बोलू, पण त्याला उद्याच निरोप द्या.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझं आजोळ काटोलकडचं. तिथं आठ खांबांची लांब ओसरी होती. १९९८ च्या उन्हाळ्यात मामांनी शेणानं सारवलेली जमीन काढून फरशी बसवली, आणि ठेकेदारानं मजबुती म्हणून प्रत्येक खांबाभोवती फूटभर उंचीचा सिमेंटचा चौकोन बांधला. गुळगुळीत घोटलेला, वरून लाल रंग. मला आर्किटेक्टची पदवी मिळून तीन वर्षं झाली होती. मी तिथंच उभी होते आणि काही बोलले नाही, कारण मलाही ते नीटनेटकं वाटलं. बारा वर्षांनी दिवाळीला गेले, तर कोपऱ्यातल्या खांबावरची तुळई अर्धा इंच खाली उतरलेली. चौकोन फोडला. आत खांब नव्हता. चहाच्या चोथ्यासारखा काळा, ओला भुसा होता आणि त्यात उधईची, म्हणजे वाळवीची, माती. फूटभर वर मात्र तोच खांब असा टणक की पटाशी उडून येत होती. आठातले पाच खांब असेच निघाले.

लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची उभी मोळी. खांबाचं बूड म्हणजे त्या नळ्यांची उघडी तोंडं, आणि ती पाणी पितात. आपल्या जुन्या सुतारांना हे ठाऊक होतं, म्हणून खांब कधी जमिनीत पुरत नसत. खाली काळ्या दगडाचा तळखडा, तो जमिनीपासून चार बोटं, कधी वीतभर वर आलेला, आणि त्यावर खांब उभा. आपला काळा पाषाण विटेसारखं पाणी ओढत नाही. पाऊस उडाला, ओसरी धुतली, तरी खांबाच्या बुडाला चारी बाजूंनी वारा लागायचा आणि ते वाळायचं. सिमेंटचा चौकोन बांधला की खांब आणि सिमेंट यांच्यात केसाएवढी फट राहतेच, कारण लाकूड ऋतूप्रमाणे फुगतं-आकसतं आणि सिमेंट तसं करत नाही. त्या फटीतून पाणी आत जातं आणि परत निघत नाही. लाकडातला ओलावा विसेक टक्क्यांच्या वर टिकून राहिला की बुरशी धरते. आपल्याकडे वैशाखात उघडं लाकूड दहा टक्क्यांच्याही खाली वाळतं, म्हणून तर ही घरं टिकली. सागाच्या गाभ्यात तेल असतं, उधई त्याच्या वाटेला सहसा जात नाही. पण बुरशीनं कुजवलेला तोच साग ती आवडीनं खाते. आधी पाणी, मग बुरशी, मग उधई, असा तो क्रम आहे. लोक मात्र उधईलाच पकडतात आणि औषध मारून मोकळे होतात.

आजोळचे खांब दुरुस्त करायला जे म्हातारे सुतारबाबा आले, ते मला म्हणाले होते, ‘बाई, खांब खालून मरते. वरतून तो निस्ता उभा दिसते.’ तेव्हापासून कुठल्याही जुन्या घरात गेले की मी आधी खाली बसते.

आता तुमचा इंजिनीअर. त्याचं म्हणणं अर्धं तपासण्यासारखं आहे. स्लॅबच्या काळात शिकलेल्या माणसाला भिंत फाटली की घर गेलं असं वाटणं स्वाभाविक आहे. तुमच्या घराचा हिशेब वेगळा आहे. छपराचं ओझं कवेलूवरून (कौलांवरून) रिपांवर (बारीक पट्ट्या), रिपांवरून फाट्यांवर (उतरते वासे), तिथून नाटांवर (आडवी लाकडं), मग तुळईवर, तुळईखालच्या हस्तांवरून (खांबाच्या माथ्यावरचे आधार) खांबावर आणि खांबातून तळखड्यावर उतरतं. माळ्याची किलच, म्हणजे तुळयांवर अंथरलेल्या लाकडी पट्ट्या, आणि तिच्यावरची माती तीही तुळयांवरच. दोन खांबांमधला तो खण, आणि घर मोजायचं ते खणांत. खांब-तुळयांचा हा सांगाडा आधी उभा राहायचा, भिंती मागून भरल्या जायच्या. भिंत ऊन अडवते, चोर अडवते, आणि खांबांना आडवं कलू देत नाही. छप्पर तिच्या डोक्यावर नसतं.

पण सगळीकडे नसतं असं मी लिहिणार नाही. आपल्या भागात पुष्कळ घरांत आतले खांब लाकडी असतात आणि बाहेरच्या भिंतीत मात्र तुळईचं टोक नुसतं मातीत खुपसलेलं असतं. पैसा कमी पडला की तिकडचे खांब वाचवत. म्हणून माळ्यावर चढा, बॅटरी घ्या आणि उत्तरेच्या भिंतीजवळ प्रत्येक तुळईचं टोक पाहा. टोकाखाली भिंतीत बुजलेला खांब दिसला, किंवा गिलावा थोडा खरवडल्यावर लाकूड लागलं, तर चीर फक्त भिंतीची आहे. खांब नसेल, तर तिथलं छप्पर त्या फाटलेल्या भिंतीवर आहे, आणि मग पावसाआधी तुळईखाली टेकू लागलाच पाहिजे. इंजिनीअरनं हे बघायला माळ्यावर पाय ठेवला होता का, हे आईला विचारा. त्यांनी नक्की पाहिलं असेल.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी कॉलेजात होते. नंतर आम्हा विद्यार्थ्यांना घरांची पाहणी करायला नेलं होतं. तिथली घरं दगड-मातीच्या जाडजूड भिंतींची आणि वर मातीच्या माळवदाची. माणसं गेली ती त्या भिंती नि माळवद अंगावर येऊन. एका गल्लीत मी एक घर पाहिलं. चारही भिंती बाहेर ढासळलेल्या, दगडांचा ढीग कमरेएवढा, आणि मधोमध लाकडी खांब, तुळया, वर छप्पर, तसंच उभं. कोनाडा भिंतीबरोबर गेला होता, पण खांबाच्या खुंटीला पिशवी लटकत होती. खांब आणि भिंत यांचं नातं मला कुठल्याही वर्गात इतकं स्पष्ट समजलं नव्हतं.

भुसभुशीत खांब स्वतः तपासता येईल. रांजण हलवा. गाडगं, बादली, काही ठेवू नका त्या जागी. दोन दिवस वाळू द्या. मग हातोडीच्या लाकडी दांड्यानं वरून खाली ठोकत या. चांगल्या लाकडाचा आवाज टणटणीत येतो, पोकळ जागी ढब्ब होतो. जिथं आवाज बदलतो तिथं खडूनं रेघ मारा. मग दाभण घ्या. चांगल्या सागात ते रेतीच्या कणाएवढं जातं, कुजलेल्यात बोटभर. शेवटी सुताराला सगळ्यात बारीक गिरमिटानं रेघेच्या वीतभर वर एक भोक पाडायला सांगा आणि निघालेला भुसा तळहातावर घ्या. सोनेरी-तपकिरी, कोरडा, आणि नाकाशी नेल्यावर तेलकट, कातड्यासारखा वास आला, तर समजा शंभर वर्षांनंतरही खांब जिवंत आहे. सागाचा तो वास एकदा घेतला की विसरत नाही. काळपट, ओलसर, बुरसट वास आला तर आणखी वीतभर वर जा.

बहुतेक वेळा नासधूस बुडाशी वीत-दीड वीत असते. तेवढ्यासाठी खांब बदलत नाहीत. तुळईखाली दोन बाजूंनी टेकू द्यायचे, ट्रकचा जॅक लावून ओझं जरासं उचलायचं, खांबाचं बूड सुटं होईल एवढंच. त्याहून जास्त उचललं तर वरचे सांधे उघडतात. कुजका भाग कापून काढायचा. वीतभर गेला असेल तर त्याच उंचीचा नवा दगडी तळखडा घडवून खाली बसवायचा. हा सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात चांगला उपाय, कारण खांब पाण्यापासून आणखी वर जातो. दोन-तीन फूट गेलं असेल तर जुन्या, मुरलेल्या सागाचा तुकडा जोडावा लागतो. खांब आणि तुकडा दोन्ही अर्धे-अर्धे कापून एकमेकांवर बसवायचे, जोडाची लांबी खांबाच्या रुंदीच्या तिप्पट तरी हवी, आणि आरपार लाकडी मेखा. तुकडा ओल्या लाकडाचा घेऊ नका, तो सुकताना जोड उघडतो.

मेखेवरून आठवलं. बऱ्याच वाचकांना वाटतं की जुन्या लोकांकडे खिळे नव्हते म्हणून मेखा मारत. खिळे होते, दारांवर फुलांच्या नक्षीचे खिळे तुम्हीही पाहिले असतील. पण खांब-तुळईच्या सांध्यात कुसू, म्हणजे लाकडाचं कोरून काढलेलं टोक, ते बसतं ती खोबण, आणि वरून मेख. लोखंड ओलाव्यानं गंजतं, गंजून फुगतं आणि लाकूड आतून फाडतं. लाकडी मेख लाकडाबरोबरच फुगते आणि लाकडाबरोबरच आकसते. सांधा किंचित हलतो आणि परत जागेवर येतो. आजोळी खांब उतरवले तेव्हा कुसवावर पटाशीनं मारलेल्या रेघा सापडल्या. एका कुसवावर तीन, समोरच्या खोबणीच्या आत तीन. दुसऱ्यावर चार, तिथंही चार. सुतारानं सगळा सांगाडा आधी खाली अंगणात जुळवून पाहिला होता आणि मग वर चढवला होता. त्या रेघा शंभर वर्षं अंधारात बंद होत्या. मी तिथं ओसरीत बसून त्या बोटानं चाचपत राहिले. तुमच्या घरातही बघा, आणि काहीही सुटं करायच्या आधी प्रत्येक तुकड्यावर खडूनं नंबर घाला.

आता चीर. ती का गेली हे शोधल्याशिवाय बुजवू नका. तुमच्या घरासमोर गेल्या काही वर्षांत सिमेंटचा रस्ता झाला आहे का? दरवेळी जुन्या रस्त्यावर नवा थर पडतो, रस्ता ओट्याच्या बरोबरीनं येतो आणि गल्लीतलं सगळं पाणी जोत्याशी मुरतं. उत्तरेकडे न्हाणी बांधली का, नळाचं सांडपाणी तिकडं सोडलं का? आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जोत्याच्या एका कोपऱ्याखाली ती ओली आणि दुसऱ्याखाली कोरडी राहिली की भिंत तिरपी फाटते. चिरेच्या दोन्ही कडांवर पेन्सिलनं एकेक फुली मारा, मधलं अंतर मोजून तारीख टाका, आणि दर महिन्याला मोजा. आषाढात मिटते आणि वैशाखात उघडते अशी असेल तर दोष मातीतल्या पाण्याचा आहे. पाणी वळवा, भिंतीपासून हातभर दूर फरशीचा उतार द्या. एकाच दिशेनं वाढत गेली तर मात्र जाणकार माणूस बोलवा, आणि तो माळ्यावर चढेल एवढं बघा. बुजवायची ती त्याच मातीनं, गवताचा कुट्टा घालून आठवडाभर मुरवलेल्या गाऱ्यानं. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा देऊ नका. तो भिंतीचा श्वास कोंडतो, आणि चार पावसाळ्यांनी ताटाएवढ्या खपल्यांनी मातीसकट गळून पडतो.

भावाला सांगा, लाकूड विकायला घाई नाही, ते उद्याही विकलं जाईल. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला साग अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी गेला. २०२३ च्या मार्चमध्ये बल्लारपुरातून त्याची मिरवणूक निघाली, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक हात जोडून उभे होते. त्याच जातीचं, आणि बहुधा त्याहून जुनं लाकूड तुमच्या डोक्यावर आहे. व्यापारी तुळई घनफुटात मोजेल; तिच्यावर कुणी किती दिवस तासणी चालवली, ते त्याच्या बिलात येत नाही. आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांचं बरोबर आहे, फक्त रांजणाजवळच्या खांबाला मिरगाआधी हात लावावाच लागेल.

प्रश्न : कुही तालुक्यातलं आमचं कवेलूचं घर. वांदरांनी जीव नकोसा केला आहे. दरवर्षी घर फेरायला, म्हणजे कवेलू उतरवून परत लावायला, माणूस मिळत नाही, कुंभारानं कवेलू करणं सोडलं. सगळे टीन टाकून मोकळे झाले. आम्हीही टाकावं का?

उत्तर : तुमचा त्रास खरा आहे. वांदरांची एक टोळी एका दुपारी छपराची काय दशा करते ते मी पाहिलं आहे. टीन टाकणाऱ्याला मी कधी नावं ठेवत नाही. पण टाकायच्या आधी दोन गोष्टी लक्षात घ्या.

एक तर ऊन. २३ मे २०१३ ला नागपुरात पारा ४७.९ वर गेला होता. अशा दिवशी टिनाखालच्या खोलीत दुपारी बसवत नाही. कवेलूच्या दोन थरांमध्ये हवा असते, फटींतून गरम हवा वर निघून जाते, आणि दीड हात मातीच्या भिंतीतून दुपारचं ऊन आत पोचेस्तोवर रात्र होते, तोवर तुम्ही अंगणात खाटेवर असता. भिंती जुन्या ठेवून छप्पर तेवढं टिनाचं केलं की भिंतींची ती मेहनत वाया जाते.

दुसरी गोष्ट फार कमी लोक सांगतात. लाकडी सांगाडा वजनानं बसलेला असतो. कवेलूचं ओझं कुसू खोबणीत दाबून धरतं. ते ओझं उतरवून हलकं टीन टाकलं की सांधे मोकळे होतात, आणि मे महिन्यातल्या वादळात वारा टिनाखाली शिरला की तो नुसतं टीन उचलत नाही, फाटे आणि नाटही ओढतो. टीन टाकायचंच असेल तर फाटे नाटांना, नाट तुळईला आणि तुळई खांबाला लोखंडी पट्टीनं बांधून घ्या. नुसतं टिनावर दगड ठेवून भागत नाही. वादळात तेच दगड अंगावर येतात.

माझा सल्ला मधला आहे. फाट्यांवर आधी पातळ टीन, त्यावर रिपा, त्यावर कवेलू. कवेलू ऊन घेतो आणि वजन देतो, फुटला तरी पाणी टिनावरून खाली जातं, आणि घर दरवर्षी फेरावं लागत नाही. वरून कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी जाळी ताणून बसवली की वांदरांना कवेलू उचलता येत नाही. खर्च टिनापेक्षा जास्त आहे, हे खरं. कवेलू पाडलेल्या घरांतून मिळतात. बोटानं टिचकी मारून खणखणीत वाजेल तेवढेच घ्या.

प्रश्न : नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यात चौकाच्या दक्षिणेच्या दोन खोल्या आमच्या वाट्याला आल्या. लाकडी छत, कापडी वेष्टणाची जुनी वायर तुळईवरून गेलेली. एसी बसवायचा आहे. काही धोका?

उत्तर : आहे, आणि एसीच्या आधी वायर बदला. तुमच्या वाड्यापासून जवळच भोसल्यांचा राजवाडा होता, काळ्या दगडाचा, आतून कोरीव लाकडाचा. १८६४ मध्ये तो जळाला आणि नगारखाना तेवढा राहिला. जाड तुळई एकदम पेटत नाही, तिच्यावर कोळशाचा थर धरतो आणि आतलं लाकूड काही वेळ वाचतं. पेटते ती तुळयांवरची किलच, शंभर वर्षं वाळलेली, मागे उंदरांची घरटी आणि धूळ. जुन्या वायरला एसीचा भार झेपत नाही, ती तापते, आणि तिथंच ठिणगी पडते. सगळी वायर काढून नवी पाइपातून, लाकडापासून सुटी न्या. एसीला मीटरपासून स्वतंत्र लाइन आणि स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारी कळ), आणि घराला ईएलसीबी (करंट गळायला लागला की वीज तोडणारी कळ).

एसीची नळी बाहेर काढायला मेकॅनिक तुळईला भोक पाडायला निघेल. पाडू देऊ नका, आणि तुळईच्या खालच्या अंगाला खाच तर मुळीच नको, मध्यावर तिचा सगळा ताण त्याच अंगाला असतो. खिडकीवरच्या झरोक्यातून नळी काढा. बाहेरचं युनिट लाकडी सज्जावर टांगू नका, त्याच्या थरथरीनं मेखा सैल होतात. ते चौकात, दगडावर ठेवा. आणि एसीचं पाणी टपटपतं ती बारीक नळी खांबाच्या बुडाशी न सोडता थेट मोरीत न्या.